शून्य केल्याच्या वेळा

सोमवार, ३ फेब्रुवारी

जुन्या वहीची चार पानं उरली होती. कोरी सोडणं जिवावर आलं, पण नव्या कामाला नवी वही घे असं आत्या म्हणाली आणि स्वतः पुठ्ठा घालून दिला.

उद्यापासून प्रयोगशाळेतलं लहर-शोषणाचं टेबल माझ्याकडे. सहा महिने उमेदवारी, मग ठेवायचं की नाही ते मोठ्या मॅडम ठरवणार.

जेवताना आत्याने विचारलं, "नक्की करतेस काय गं तू तिथे?"

मी सांगितलं. कड्याच्या आकाराचं एक पोलादी पात्र आहे. त्यात वायू इतका तापवतात की त्यातले इलेक्ट्रॉन सुटे होतात. त्याला प्लाझ्मा म्हणतात. भोवतीची चुंबकं त्याला भिंतीला लागू देत नाहीत. इलेक्ट्रॉन त्या चुंबकाच्या रेषांभोवती गरगर फिरत असतात. आपण बाहेरून मायक्रोवेव्ह सोडतो. तिचा ताल आणि इलेक्ट्रॉनच्या फिरण्याचा ताल जिथे जुळतो, तिथे ते तिला पिऊन टाकतात आणि आणखी तापतात.

"दोरीवरच्या उड्यांसारखं," आत्या म्हणाली. "फिरत्या दोरीत शिरायचं तर तालातच शिरायला लागतं."

"अगदी तसंच. जी लहर प्यायली जात नाही ती पात्रात भटकत राहते, भिंतींवर आपटत. ती मी मोजते."

"म्हणजे उरलंसुरलं. एवढं शिकून उष्टं मोजायची नोकरी!"

बाबा हसले नाहीत. "उरलेलं मोजलं की खाल्लेलं कळतं," ते म्हणाले. "तुझं यंत्र शून्य कधी करतात?"

"नियमात सकाळी एकदा आहे."

बाबांनी घास ताटात परत ठेवला. "सकाळी एकदा?"

चौदा वर्षांची होईपर्यंत छातीच्या दुखण्यामुळे मी शाळेत गेले नाही. वाचन, गणित, लहर, लोहचुंबक, सगळं बाबांच्या काटे दुरुस्तीच्या दुकानात शिकले. दर वजनाआधी ते पारड्यावर फुंकर मारत, मग काटा शून्यावर आणत. दिवसातून शंभरदा. मी दर शॉटआधी, म्हणजे प्लाझ्मा पेटवायच्या दर खेपेआधी, शून्य करणार. जास्त केल्याने काय बिघडतं?

मंगळवार, ४ फेब्रुवारी

कंट्रोल रूममध्ये पडद्यांच्या दोन रांगा. मधल्या गालिच्याला ठिगळ आहे, त्यात सगळ्यांचे पाय अडकतात. माझं टेबल उजव्या टोकाला. डाव्या टोकाला मायक्रोवेव्ह तयार करणाऱ्या नळीचं टेबल, तिथे शेगडीकाका. तापवायचं काम त्यांचं म्हणून हे नाव, आणि तेही फोनवर "शेगडी बोलतोय" असंच म्हणतात. एकतीस वर्षं झाली त्यांना. दुसऱ्या पाळीला त्यांच्याहून बराच तरुण ऑपरेटर असतो. दोघं एकाआड एक दिवस.

काका दर शॉटआधी दीड मिनिट नळी तापवतात. तेव्हा एक झडप लहरीची वाट पात्राकडून वळवून पाण्याच्या टाकीकडे करते. पिवळा दिवा लागतो. तरुण ऑपरेटर हे फक्त सकाळी करतो म्हणे.

"कप विसळल्याशिवाय मी चहा ओतत नाही," काका म्हणाले. "तुमचं काय मॅडम, सकाळपासून तिसऱ्यांदा ते बटण दाबताय?"

"शून्य करतेय."

"सकाळी केलंत ना?"

"पुन्हा केलेलं बरं."

ते नुसतं "हं" म्हणाले आणि शीळ वाजवायला लागले. फार बेसूर. एकच ओळ, दर वेळी त्याच जागी घसरणारी. दिवसभर डोकं उठतं.

माझं काम नुसतं मोजण्याचं नाही. भटकी लहर हद्दीबाहेर गेली तर माझ्या यंत्राच्या इशाऱ्यावर नळी आपोआप बंद होते. ती झाली नाही तर पात्रातलं काहीतरी जळतं.

आजचं शोषण शंभरात नव्व्याण्णव.

नोंदणीच्या कागदावर शून्यासाठी एकच चौकोन आहे, सकाळचा. यंत्रही फक्त शेवटची वेळ लक्षात ठेवतं. म्हणून इथे लिहिते. ११.०३, ११.५१, १२.४०, ३.१६. दर वेळी पूर्ण एक मिनिट धरून सरासरी.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

काकांच्या पाळीला पुन्हा नव्व्याण्णव. काल तरुण ऑपरेटर होता तेव्हा चौऱ्याण्णव. चुंबक तेच, वायू तोच, नळी तीच. हिशेबाने चौऱ्याण्णवच यायला हवं, मी तीनदा करून पाहिलं.

काका एका निळ्या वहीत सारखं काहीतरी टिपतात. मी पाण्याची बाटली भरायला उठले आणि त्यांच्या मागून गेले तर त्यांनी ती मिटली. पटकन नाही. सहज मिटल्यासारखी. तेच खटकलं.

शून्य: १०.४८, ११.३५, २.२०.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

सहा दिवसांचा तक्ता केला. काकांच्या तीन दिवसांत नव्व्याण्णव, अठ्ठ्याण्णव, नव्व्याण्णव. दुसऱ्याच्या तीन दिवसांत चौऱ्याण्णव, त्र्याण्णव, चौऱ्याण्णव.

बाबांना दाखवला. त्यांनी चष्मा वर केला. "चूक कधी या बाजूला होते, कधी त्या. एकाच बाजूला होत असेल तर बोट शोधायचं."

दुकानात त्यांनी मला बोटं शोधायला शिकवलं होतं. पारड्याच्या कडेला टेकलेला अंगठा. पारड्याखाली चिकटवलेलं लोहचुंबक. माल देताना गिऱ्हाइकाशी मुद्दाम गप्पा मारणारा दुकानदार. तेव्हापासून कुणी जास्त गोड बोललं की मी त्याच्या हातांकडे बघते.

"पण त्या माणसाला आकडा वाढवून मिळणार काय?" आत्याने विचारलं.

"त्याच्या पाळीचं काम चांगलं दिसतं," मी म्हटलं.

"जगात सगळेच दिसण्यासाठी करतात वाटतं तुम्हा बापलेकींना."

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

आज आकड्यापलीकडचं काहीतरी सापडलं. शून्य करताना यंत्र किती सरकवावं लागलं ते बारीक अक्षरात दाखवतं. दुसऱ्याच्या पाळीला जवळजवळ नाहीच. काकांच्या पाळीला भरपूर. म्हणजे त्यांच्या पाळीला माझं यंत्र कुणीतरी हलवतंय. बरं झालं मी पुन्हा पुन्हा शून्य करते, नाहीतर कळलंच नसतं.

काल घरी जाताना मी सेन्सरच्या कपाटाच्या दारापासून चौकटीपर्यंत एक केसाएवढा बारीक दोरा चिकटवला होता. आज पाळी संपल्यावर पाहिला. जसाच्या तसा. म्हणजे ते दार उघडत नाहीत. लांबूनच काहीतरी करतात. माणूस साधा नाही.

दुपारी काका स्वतःहून माझ्या टेबलाशी आले. "मॅडम, तुम्ही वरच्या लोकांना पत्र लिहाल तेव्हा माझ्या झडपेचं पण लिहा. जुनी झालीय. दोनदा मागणी केली, ऐकतंय कोण."

"मी कशाला वरच्यांना पत्र लिहीन?"

"तुम्ही लिहिणाऱ्यातल्या दिसता," ते म्हणाले आणि शीळ वाजवत गेले.

हे सहज होतं की मला जोखत होते? मी घाबरले. निळ्या वहीत माझ्याबद्दल लिहीत असतील असंही वाटून गेलं.

शून्य: ११.०४, ११.५०, १२.३८. तिन्ही वेळा काका नळी तापवत होते, तेवढ्या वेळात त्यांचं माझ्याकडे लक्ष नसतं म्हणून मी तीच वेळ धरते.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

नीट लिहिते.

शून्य ३.१६. शॉट ३.१८. काकांची पाळी. वायू जरा जास्त सोडला गेला आणि प्लाझ्मा इतका दाट झाला की लहर आतपर्यंत पोचलीच नाही, वाटेतूनच परतली. अशा वेळी भटकी लहर एकदम वाढते आणि नळी बंद व्हायला हवी. झाली नाही. माझ्या पडद्यावरची रेघ हद्दीच्या जरा खालीच राहिली. दोन सेकंदांनी पात्रातली निर्वात पोकळी बिघडल्याचा भोंगा वाजला. पाहणीच्या खिडकीचं रबरी कडं वितळलं होतं. आत हवा शिरली, यंत्र बंद. कुणाला इजा नाही. दुरुस्तीला आठवडा जाईल.

काकांनी सगळी बटणं क्रमाने बंद केली, शांतपणे. मग माझ्याकडे पाहून विचारलं, "तुमच्याकडे दिसली नाही?"

"नाही."

"मग गेली कुठून?" ते म्हणाले.

ज्याला माहीत असतं तोच असं विचारतो.

बुधवार, १९ फेब्रुवारी

मोठ्या मॅडमनी प्रत्येकाकडून लेखी मागितलं. मी दोन पानं लिहिली. नव्व्याण्णव आणि चौऱ्याण्णवचा तक्ता जोडला. शून्य शॉटच्या दोनच मिनिटं आधी केलं होतं, त्यामुळे माझ्या यंत्रात चूक असणं शक्य नाही, असं लिहिलं. त्यामुळे सेन्सरकडून येणारा इशारा वाटेत अडवला गेला असावा, असंही लिहिलं. कुणाचं नाव घेतलं नाही. "पाळी क्रमांक एक" एवढंच. प्रत्येक शब्द खरा आहे हे दोनदा तपासून मगच सही केली.

पाळी क्रमांक एकमध्ये नळीशी एकच माणूस असतो हे मला माहीत होतं.

गुरुवार, २० फेब्रुवारी

काकांचा नळी चालवायचा परवाना काढून घेतला. चौकशी होईपर्यंत, असं म्हणाले. निवृत्तीला आठ महिने आहेत. चौकशीत दोषी ठरले तर परवाना पुन्हा मिळणार नाही, एकतीस वर्षांच्या शेवटी तेवढंच लिहिलेलं राहील.

खुर्चीवरची उशी काखेत मारून ते निघाले. माझ्या टेबलाशी थांबले.

"तुमचं पत्र वाचायला दिलं मला. अक्षर छान आहे."

जाताना त्यांचा पाय गालिच्याच्या ठिगळात अडकला नाही. इतकी वर्षं चालून त्यांना ते ठाऊक असणार.

मी जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. दुपारी जेवण गेलं नाही. खोली फार शांत होती.

सोमवार, २४ फेब्रुवारी

मॅडमनी काकांची निळी वही माझ्याकडे दिली. "तूच आक्षेप घेतलास, तूच जुळवून बघ. प्रत्येक पान वाच."

वाचली. माझ्याबद्दल एक अक्षर नाही. दर शॉटआधी नळी कधी सुरू केली, कधी थांबवली, सेकंदासकट. तीन वर्षांचं. शेवटच्या पानावर दोनशे बेचाळीस छोटी घरं आखलेली, त्यातली पहिली काही खोडलेली. निवृत्तीचे दिवस मोजत होते. कुणी मागून आलं की ते पान दिसू नये म्हणून वही मिटत असावेत. मला उगाच लाज वाटली, दुसऱ्याचं कपाट उघडल्यासारखी.

इशारा अडवल्याची खूण कुठेच नाही.

घरी आल्यावर बाबांशेजारी बसले आणि त्या वेळा मोठ्याने वाचत गेले. त्यांची एक वेळ, लगेच माझी. "अठरा तारीख. त्यांची नळी ३.१५ ते ३.१६ आणि तीस सेकंद. माझं शून्य ३.१६ ला संपलं. चौदा तारीख. त्यांची ११.०२ आणि तीस ते ११.०४. माझं..."

"थांब," बाबा म्हणाले. "तू शून्य करत होतीस तेव्हा पारडं रिकामं होतं ना?"

"लहर पाण्याच्या टाकीत जाते बाबा. झडप असते."

"मी झडपेचं विचारलं नाही. पारड्यावर फुंकर कोण मारत होतं?"

मी दोन्ही वह्या मिटल्या. उत्तर इथेही लिहीत नाही. आधी तपासते.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

खिडकीचं नवं कडं बसलंय, पात्रात पुन्हा निर्वात पोकळी आहे, प्लाझ्मा नाही. तरुण ऑपरेटरला म्हटलं, एक मिनिट नळी तापवून दे, टाकीकडे.

"कशाला हो? आज शॉट नाही."

"दे तर खरं."

पिवळा दिवा लागला. माझी रेघ वर गेली.

झडपेतून फार थोडं गळतं, हजारातलं काहीतरी. प्लाझ्मा असता तर कळलंही नसतं, इलेक्ट्रॉननी पिऊन टाकलं असतं. पण पात्र रिकामं असतं तेव्हा पिणारं कुणीच नसतं. ती एवढीशी लहर भिंतीवरून भिंतीवर आपटत राहते, साचत जाते, आणि सेन्सरला मोठी दिसते. मी ती पूर्ण एक मिनिट मन लावून मोजत होते आणि तिला शून्य म्हणत होते. मग शॉटमध्ये तेवढी वजा होत होती. म्हणून नव्व्याण्णव. म्हणून त्या दिवशी रेघ हद्दीखाली राहिली.

पारड्यावर अंगठा होता. माझा.

तरुण ऑपरेटरने विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही." हे खोटं होतं आणि मी ते सहज बोलले.

बुधवार, २६ फेब्रुवारी

हे मोठ्या मॅडमच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसून लिहितेय. वही आत द्यायला दहा मिनिटं आहेत.

काल संध्याकाळभर विचार केला आणि तो कसा केला हेही लिहून ठेवते. माझ्या जादा शून्यांबद्दल कुणालाच नीट माहिती नाही. नियमात ती नव्हतीच. यंत्राकडे फक्त शेवटची वेळ आहे. झडप बदलली तर आकडे आपोआप जुळतील आणि सगळे म्हणतील झडपेचा दोष. काकांवर मात्र झडप नादुरुस्त ठेवल्याचा ठपका राहील. दोनदा मागणी केली म्हणाले होते, पण मी ती पत्रं पाहिलेली नाहीत. असं बराच वेळ चाललं. मी दुसऱ्याला इतक्या सहज चोर म्हटलं होतं.

सकाळी मॅडमना सांगितलं. त्यांनी टेबलावरचा एक कागद उलटा करून ठेवला. माझ्या उमेदवारीचा असावा.

"या शून्याच्या वेळा कुठे आहेत?"

"माझ्या वहीत."

"कामाच्या?"

"नाही. घरच्या. रोज लिहिते ती."

"आण."

"मी वेळा उतरवून देते."

"आज उतरवलेल्या वेळेला चौकशीत कोण विचारतो? त्या-त्या दिवशी लिहिलेली मूळ वही लागेल. काकांना दाखवावी लागेल, त्यांच्या वेळांशी पडताळायला."

मी म्हटलं, मधली पानं एकमेकांना डकवून दिली तर चालतील का. त्यात खासगी आहे.

"अगं," मॅडम म्हणाल्या, "तू त्यांच्या वहीचं प्रत्येक पान वाचलंस."

बाकावर बसून आत्ता मागचं सगळं वाचलं. शीळ. "माणूस साधा नाही." "ज्याला माहीत असतं तोच असं विचारतो." खोडायला पेन काढलं होतं. बाबा खोडलेलं बिल कधी मान्य करत नसत. पेन हातात आहे म्हणून हे लिहितेय.

आत बोलावतायत.

सोमवार, १० मार्च

वही परत मिळाली. आत्याने घातलेल्या पुठ्ठ्याचा एक कोपरा मऊ झालाय.

काकांचा परवाना परत दिला. नवी झडप मंजूर झाली, येईपर्यंत जुनीच. माझी उमेदवारी सहा महिने वाढवली. नियमात नवी ओळ आली: नळी तापवण्याआधी ऑपरेटरने मोठ्याने सांगायचं.

वही आधी उघडवेना. जेवणाच्या सुट्टीत उघडली. काकांनी माझ्या प्रत्येक शून्याच्या वेळेपुढे पेन्सिलने बारीक बरोबरची खूण केलीय. चौदा तारखेला ११.०४ च्या पुढे लिहिलंय, "११.०३. तुमचं घड्याळ तेव्हा पुढे होतं." बाकी कुठे काही नाही. चार तारखेचं पान मी उजेडात धरून पाहिलं, जिथे शिळेबद्दल लिहिलंय ते. रेघ नाही, ठिपका नाही. पुढची खूण थेट खालच्या वेळांपाशी. म्हणजे तिथपर्यंत वाचत आले होते.

सकाळी ते आले तेव्हा मी उभी राहिले. म्हटलं, "काका, माझी चूक झाली."

"वाचलं मी," ते म्हणाले. उशी खुर्चीवर ठेवली, दोनदा थापटली. "झडपेचं लिहायचं राहिलंच होतं तुमचं. शेवटी झालं."

मग पहिल्या शॉटआधी, मान न वळवता, "मॅडम, दीड मिनिट तापवतोय."

"हो काका."

पिवळा दिवा लागला. मी दोन्ही हात मांडीवर ठेवले. एरवी याच दीड मिनिटात शिळेची ती ओळ सुरू व्हायची आणि तिच्या घसरण्याच्या जागेशी मी दात आवळायचे. मी त्या जागेची वाट पाहत राहिले. खोलीत फक्त पंख्यांचा आवाज होता.

११.०४ ला दिवा विझला. ११.०६ ला शॉट. चौऱ्याण्णव.

शून्य: सकाळी ९.१५, एकदाच.